ग्वाल्हेरच्या उन्हात घरच्या कोंबड्या: खुराडं, दाणापाणी आणि कोंबड्याचा प्रश्न

ग्वाल्हेरात कोंबड्या पाळायच्या असतील तर हिशेब मे महिन्यापासून मांडावा. हिवाळा आणि पावसाळा त्या थोड्याशा सोयीवर काढतात. नौतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, भर दुपारी, लू (कोरडा, गरम वारा) सुटलेली असताना त्या कुठे उभ्या राहतील, हे मात्र पिल्लं आणण्याआधी ठरलेलं असायला हवं. पारा ४५ च्या पुढे जाणं आपल्याकडे नवीन नाही, आणि पश्चिमेकडून येणारा वारा राजस्थानच्या वाळवंटाचा कोरडेपणा घेऊनच येतो. पुण्या-कोल्हापूरकडच्या नातेवाइकांचे सल्ले त्यामुळे इथे निम्मेच लागू पडतात.

पिल्लांआधी ठरवायची दुसरी गोष्ट म्हणजे कोंबडा ठेवायचा की नाही. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी, वयात आली की कोंबडा असो वा नसो, ती अंडी घालते. फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गल्ल्यांमध्ये भिंतीला भिंत लागून घरं आहेत, शेजारी बरेचदा पूर्ण शाकाहारी आहेत आणि पहाटे चारची बांग तीन घरं जागी करते. अशा ठिकाणी माझा सल्ला सरळ आहे: चार-पाच कोंबड्या ठेवा, कोंबडा ठेवू नका. शहराच्या मोरार-थाटीपूर भागांकडे मोठं आवार असेल, पिल्लं काढायची असतील, तर एक कोंबडा ठेवा. दुसरा नको. का ते पुढे येईलच.

परवानगी आणि शेजार

भाड्याचं घर असेल तर मालकाला, कॉलनीत असाल तर समितीला आधी विचारा. महानगरपालिकेचा नियम वॉर्ड कार्यालयात जाऊन विचारून घ्या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. जवळून ऐकलेली बांग त्याच्या कितीतरी वर जाते. भांडण लागलं तर शेजाऱ्याची बाजू जड असेल, हे धरून चाला.

तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा आवाज नसतो, वास आणि माशा असतात. शीट रोज उचलली, जमिनीवर सुकं भूस राहिलं आणि दाणा रात्री उघडा पडला नाही, तर वास येतच नाही. पिल्लं आणण्याआधी दोन्ही बाजूंच्या घरी जाऊन काकूंना स्वतः सांगून या. आपल्या आधी दुसऱ्याकडून कळलं की माणसं नाराज होतात.

खुराडं: सावली, वारा, जाळी

जागा निवडताना एप्रिल-मेच्या संध्याकाळी चार वाजता ऊन कुठे पडतं ते बघा. सकाळचं ऊन कोंबडी सहज सोसते. पश्चिमेचं उतरतं ऊन तिला मारतं. कडुनिंबाखालची जागा असेल तर दुसरीकडे शोधूच नका. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सूर्य आखूड भिंतींवर येतो आणि लांब भिंती वाऱ्याला मोकळ्या राहतात.

गच्चीवर खुराडं बांधू नका. आपल्याकडे जुन्या घरांची छपरं दगडी पाट्यांची आहेत. तो दगड दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतो. कोंबडीला दिवसाच्या उष्णतेतून सावरायला रात्रीचा गारवा लागतो. तोच मिळाला नाही तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती कोलमडते.

छप्पर पत्र्याचं असेल तर त्यावर गवताचा किंवा सरपताचा जाड थर बांधा, किंवा दर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात मारा. मधली उंची सात-आठ फूट ठेवा. बुटक्या खुराड्यात छपराची धग थेट पाठीवर येते. आत दर कोंबडीमागे किमान चार चौरस फूट आणि बाहेर मोकळ्या जाळीत दहा चौरस फूट धरा. पुस्तकात याहून कमी लिहिलेलं सापडेल, पण ते थंड हवेसाठी.

भिंती तीन बाजूंनी जाळीच्या ठेवा, आणि जाळी अर्ध्या इंचाची, वेल्डिंगची घ्या. बाजारात कोंबड्यांची जाळी म्हणून मिळणारी षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. जाळी जमिनीत फूटभर पुरा, नाहीतर मुंगूस खालून येतो. वरूनही झाका, मांजर आणि घार दोन्ही वरून येतात. कडी अशी लावा की कुत्र्याच्या नाकाने उघडणार नाही.

रात्री बसायला दीड-दोन इंच जाडीची, कडा गोल केलेली लाकडी दांडी जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर लावा. दर पक्ष्यामागे आठ-दहा इंच जागा पुरते. ही दांडी खिळ्यांनी पक्की ठोकू नका, खाचेत ठेवा म्हणजे काढता येते. याचं कारण गोचिडीच्या भागात सांगते. अंडी घालायला चार-पाच कोंबड्यांमागे बारा इंची एक खोकं, थोड्या अंधाऱ्या कोपऱ्यात, पुरेसं आहे.

कोणत्या कोंबड्या, कधी आणायच्या

आपल्या राज्याचा मान कडकनाथचा. झाबुआ-धार भागातली ही काळी जात उन्हाला काटक आहे, आणि झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मात्र अंड्यांसाठी तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका: वर्षाला साधारण ८० ते १०० अंडी. आणि अंडं काळं नसतं, फिकट तपकिरी असतं. काळ्या अंड्याच्या नावाखाली कोणी जास्त पैसे मागत असेल तर उठून या.

घरच्या अंड्यांसाठी ग्रामप्रिया किंवा जबलपूरला तयार झालेली नर्मदानिधी बरी. साधी गावठी कोंबडी अंडी कमी देते, पण खुडूक बसते (अंडी उबवायला बसून राहते), पिल्लं सांभाळते आणि उन्हात स्वतःची सावली शोधते. असील दिसायला देखणा असतो, पण तो झुंजीसाठी घडलेला पक्षी आहे, बाकीच्यांत मिसळून ठेवू नका. कोंबड्यांच्या झुंजी लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. कोणी त्यासाठी तुमचा कोंबडा मागायला आला तर देऊ नका.

पिल्लं सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात आणा. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी. खऱ्या थंडीपर्यंत त्यांना पिसं फुटतात, मार्चपासून अंडी सुरू होतात आणि मे येईपर्यंत त्या भरलेल्या कोंबड्या असतात. मार्च-एप्रिलमध्ये पिल्लं विकणारे पुष्कळ फिरतात. रंगवलेली, दहा-वीस रुपयांची ती पिल्लं बहुधा नर असतात, कारण अंड्यांच्या जातीतले नर उबवणी केंद्राला नको असतात. मुलांच्या हट्टापायी घेऊ नका.

लशीचं आधीच विचारा. राणीखेत आणि गंबोरो हे कोंबड्यांचे साथीचे रोग आहेत. राणीखेतची पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून, गंबोरोची दोन आठवड्यांच्या सुमारास, राणीखेतचा दुसरा डोस चौथ्या आठवड्यात, आणि आठ-दहा आठवड्यांची झाल्यावर राणीखेतचंच इंजेक्शन. लशीची कुपी शंभर किंवा जास्त पक्ष्यांची असते आणि उघडली की काही तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी ती परवडत नाही, म्हणून एकतर लस झालेल्या दोन-तीन महिन्यांच्या तलंगा घ्या किंवा ओळखीतल्या पाळणाऱ्यांनी एक दिवस ठरवून मिळून लस आणा. कुपी बर्फातूनच आणायची.

दाणापाणी

भरलेली कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात. नुसता बाजरी-मका टाकून तेवढी होत नाहीत, म्हणून तयार लेअर खाद्य (अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी बनवलेलं) मुख्य ठेवा; बाजरी, मका, शेवग्याचा आणि मेथी-पालकाचा पाला वरून. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम असू द्या, जिला हवा ती खाते.

पाण्याकडे मात्र रोज लक्ष हवं. मध्यम हवेत कोंबडी पाव लिटर पिते, कडक उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट आणि वर. आणि हे पाणी गार पाहिजे. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी नळातून हात भाजेल असं येतं. कोंबडी ते तोंडात घेऊन सोडून देते आणि तहानलेली राहते. भांडं भरलेलं दिसतं म्हणून आपण निश्चिंत असतो. सकाळीच माठ भरून ठेवा आणि दुपारी त्यातलं पाणी मातीच्या परळांत ओता. परळ दोन-तीन ठेवा, वेगवेगळ्या कोपऱ्यांत. एकच असेल तर दांडगी कोंबडी बाकीच्यांना हाकलते.

नौतप्यातला एक दिवस

कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच ४१-४२ अंश. तिला घाम येत नाही. ती चोच उघडून धापते, पंख अंगापासून दूर धरते, तुऱ्यातून आणि गळ्याखालच्या लाल पाळ्यांतून उष्णता टाकते. बाहेरची हवा तिच्या अंगापेक्षा गरम झाली की हे सगळे उपाय कमी पडतात. म्हणून ४५ अंशांत नुसता पंखा लावून उपयोग नाही, तो गरम हवाच अंगावर मारतो. हवा आधी ओल्या पडद्यातून यायला हवी.

पहाटे पाचलाच दाणा द्या. नऊनंतर भांडं उचलून घ्या, कारण पचनातूनही अंगात उष्णता तयार होते. पुढचा दाणा सूर्य मावळल्यावर. दहाच्या सुमारास पश्चिमेच्या जाळीवर वाळ्याची ताटी किंवा जाड गोणपाट बांधा आणि अकरा ते पाच दर तासा-दीडतासाने त्यावर पाणी मारा. समोरची बाजू पूर्ण उघडी ठेवा, नाहीतर आत दमट होतं. एका कोपऱ्यातली वाळू ओली करून ठेवा. कोंबड्या त्यात पोट टेकून बसतात. कूलर असेल तर जाळीबाहेर ठेवा. वीज गेली तरी गोणपाट काम करतं, म्हणून भरवसा गोणपाटावर ठेवा.

दुपारी कलिंगडाच्या साली, काकडी, खरबुजाच्या बिया द्या. पाण्यात इलेक्ट्रोलाइट दिवसातून एकदाच, बाकी साधं पाणी. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त मीठ कोंबडीला विषासारखं बाधतं.

एखादी कोंबडी मान खाली टाकून बसली, तुरा काळपट पडला, उभी राहिली की तोल जातो, असं दिसलं तर थांबू नका. सावलीत नेऊन तिचे पाय आणि पोटाखालचा भाग साध्या गार पाण्यात धरा, तुऱ्यावर ओला फडका ठेवा, वारा घाला. बर्फाचं पाणी नको. शुद्धीवर असेल तरच चोचीच्या कडेने थेंब थेंब पाजा.

या दिवसांत अंडी कमी होतात आणि कवच पातळ येतं. धापताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचाला लागणारा चुना नीट बसत नाही. शिवाय खाणंही घटलेलं असतं. औषधांच्या मागे लागू नका, हवा बदलली की कवच सुधारतं.

पाऊस आला की उलट करा

हे इथले बरेच जण विसरतात. जुलैत हवा दमट झाली की ओलं गोणपाट आणि कूलर गारवा देत नाहीत, उलट धापणाऱ्या कोंबडीला जास्त त्रास देतात. पहिला चांगला पाऊस झाला की ताटी काढा, पाणी मारणं बंद करा, जाळी मोकळी सोडा आणि आता नुसता पंखा लावा. जमिनीवरचं भूस कोरडं ठेवा. ओल्या भुशात पिल्लांना रक्ती हगवण लागते. जानेवारीच्या धुक्यात हाच थर चार-सहा इंच करा, रात्री उत्तरेची बाजू पडद्याने झाका, वरची फट मात्र उघडी ठेवा.

गोचीड आणि इतर दुखणी

कोरड्या, उष्ण प्रदेशातली कोंबड्यांची खास शत्रू म्हणजे गोचीड. दिवसा ती लाकडाच्या चिरांत, विटांच्या सांध्यांत, दांडीच्या टोकाशी लपते आणि रात्री येऊन रक्त पिते. सकाळी कोंबडीच्या अंगावर काही सापडत नाही. ती फक्त फिकट दिसते आणि अंडी थांबतात. रात्री दहानंतर टॉर्च घेऊन जा, दांडी खाचेतून उचला आणि टोकं बघा. चपट्या, करड्या, मसुराएवढ्या गोचिडी दिसल्या तर दांडी बाहेर काढून उकळतं पाणी ओता, चिरा चुन्याने बुजवा आणि फवाऱ्याचं औषध पशुवैद्यकाला विचारून आणा. शेतातलं कीटकनाशक वापरू नका. राख आणि कोरड्या मातीचा खड्डा कायम ठेवा. कोंबड्या त्यात लोळून उवा स्वतःच झाडतात.

एकाच दिवशी दोन-तीन पक्षी अचानक मेले तर हात लावू नका, नाल्यात फेकू नका, पशुवैद्यकीय रुग्णालयात कळवा. खुराड्यातून आल्यावर हात साबणाने धुवायचे, लहान मुलांचे तर नक्कीच.

कोंबडा ठेवला असेल तर

कोंबडा उजाडल्यावर आरवतो हा समज अपुरा आहे. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की बांगेमागे शरीरातलं घड्याळ असतं. कायम मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही ठरल्या वेळी आरवतात. त्याच गटाने पुढे दाखवलं की कळपात वरच्या मानाचा कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे त्याच्या मागून. दुसरा कोंबडा नको म्हणते त्याचं हे एक कारण. दोन झाले की एक दुसऱ्याला उत्तर देतो. प्रकाश आणि दुसऱ्याचा आवाज यांनीही बांग उठते, म्हणून रस्त्यावरच्या दिव्याचा झोत खुराड्यावर येत असेल तर त्या बाजूला जाड पडदा लावा.

थंडीत, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कोंबड्याला रात्री अंधाऱ्या, हवेशीर पेटीत ठेवता येतं. छत त्याच्या तुऱ्याच्या जरा वर असलं की मान पूर्ण ताणता येत नाही आणि आवाज दबतो. सकाळी सातला सोडायचं. मार्चनंतर ही पेटी बंद. आपल्या रात्री तेव्हा इतक्या तापतात की पेटीत तो गुदमरेल. गळ्याला बांधायचे पट्टे विकत मिळतात, ते मी कोणालाच सुचवणार नाही. ज्या पक्ष्याला जगण्यासाठी चोच उघडून धापावं लागतं, त्याचा गळा आवळायचा नसतो.

एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या हव्यात. चारच असतील तर त्यांच्या पाठीची पिसं गळतात, कातडी उघडी पडते आणि उन्हात भाजते. चांगला कोंबडा बघायला सुख असतं. दाणा सापडला की तो स्वतः खात नाही. तोंडाने टुकटुक करून, दाणा उचलून खाली टाकत कोंबड्यांना बोलावतो. आकाशात घार दिसली की एकच लांब आवाज काढतो आणि सगळ्या झुडपात. असा कोंबडा मिळाला तर जपा.

काही कोंबडे माणसावर येतात. आधी खुणा दिसतात: एक पंख खाली सोडून तिरका चालतो, मानेची पिसं फुलवतो, आपण पाठ फिरवली की मागून येतो. पळू नका, लाथ मारू नका. शांत उभं राहा, त्याच्या दिशेने हळू एक-दोन पावलं टाका, तो बाजूला झाला की आपलं काम करा. पुन्हा आला तर उचलून काखेत धरा, पंख दाबून, तो ढिला पडेपर्यंत. मग खाली सोडा. पायाच्या काट्याचं फक्त टोक कानशीने बोथट करा, कारण आत हाड आणि रक्त असतं. महिनाभर हे करूनही तो मुलांच्या अंगावर जात असेल तर त्याला घरी ठेवू नका. उडी मारून येणाऱ्या कोंबड्याचा काटा लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर लागतो. अशा कोंबड्याची अंडी उबवायलाही ठेवू नका, स्वभाव पुढे उतरू शकतो.

कोंबडा असेल तर उन्हाळ्यात अंडी दिवसातून दोनदा गोळा करा आणि लगेच थंड जागी ठेवा. फळलेलं अंडं २५-२७ अंशांच्या वर राहिलं की आत वाढ सुरू होते, आणि मे महिन्यात सावलीतही त्याहून गरम असतं. दोन-तीन दिवस राहिलेल्या अंड्यात लाल शिरा दिसतात. कोंबडा काढून टाकल्यावरही दोन-तीन आठवडे अंडी फळलेली येऊ शकतात, तेवढे दिवस ही काळजी चालू ठेवा.

पिल्लं काढायची तर ऑक्टोबर किंवा फेब्रुवारीत खुडूक बसवा. कडक उन्हाळ्यात कोंबड्याची फळवण्याची ताकदही उतरते. एकवीस दिवसांनी पिल्लं निघतील आणि त्यांतली साधारण निम्मी नर असतील. दोन-अडीच महिन्यांत तुरा लाल आणि मोठा होतो, मानेवर आणि कमरेवर टोकदार, चकचकीत पिसं येतात; तेव्हा ओळख पटते. चौथ्या-पाचव्या महिन्यात बांग फुटते, कधी त्याआधीच. म्हणून अंडी बसवण्याआधीच ठरवा की हे कोंबडे कोणाकडे जाणार: घरी खाणार, मोरारच्या बाजूला शेत असलेल्या कोणाला देणार, की विकणार. घेणारा ठरला नसेल तर त्या वेळी अंडी बसवू नका. खुडूक झालेल्या कोंबडीला घरटं बंद करून तीन-चार दिवस जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, दाणापाणी देऊन ठेवलं की ती उठते आणि पंधरवड्यात पुन्हा अंड्यावर येते.